आधी फेज बघा, मग रेझिस्टिव्हिटी

माझ्या पहिल्या रिपोर्टात मी बार्शीकडच्या एका उसाच्या फडाखाली अतिशय टणक, कोरडाठक्क ग्रॅनाइट बसवला होता आणि त्याच्या खाली लगेच एक ओलाचिंब थर. त्या ओल्या थरावर पानभर मजकूर होता. खोलवरचे खारे द्रव, भेगा, भूकंपाशी संबंध, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. आमच्या सरांनी रिपोर्ट चाळला, आकृतीवर पेन्सिल टेकवली आणि एवढंच विचारलं, "फेज बघितलीस का? आणि त्या शिवारात लाईट किती वाजता येते?"

ना ग्रॅनाइट तसा होता, ना खाली पाणी. फडाच्या कडेच्या विहिरीवर मोटर होती, शेजारच्या दोन शेतांतही होत्या, आणि त्या आठवड्यात थ्री फेजची पाळी रात्रीची होती. मी मोजलं होतं ते त्या मोटरींचं जमिनीत झिरपणारं करंट.

हे टिपण ज्यांच्या हातात पहिल्यांदाच मॅग्नेटोटेल्युरिकचा, म्हणजे आपल्या बोलीत एमटीचा, डेटा आलाय त्यांच्यासाठी. सॉफ्टवेअर कुठलं बटण दाबून चालतं ते मॅन्युअलमध्ये असतं. कर्व्हकडे कसं बघायचं ते मात्र कोणी तरी शेजारी बसून सांगावं लागतं.

मूळ गोष्ट थोडक्यात. एमटी म्हणजे जमीन विजेला किती अडवते, म्हणजे तिची रेझिस्टिव्हिटी किती, त्यावरून खालचे थर ओळखायची पद्धत. एमटीत आपण जमिनीत काहीच सोडत नाही. साधारण 1 हर्ट्झच्या वरचा सिग्नल जगभर कडाडणाऱ्या विजांचा, त्याखालचा सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यानं पृथ्वीचं चुंबकीय आवरण हलतं त्याचा. या लहरी वरून जमिनीत शिरतात, आत करंट उठवतात, आणि आपण वरती एकाच ठिकाणी विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र दोन्ही मोजतो. त्यांचं गुणोत्तर म्हणजे इम्पीडन्स, आणि एकाची लहर दुसऱ्याच्या किती पुढे-मागे आहे तो कोन म्हणजे फेज (मोटरीच्या थ्री फेजशी याचा संबंध नाही). ही कल्पना रशियात तिखोनोव्ह यांनी 1950 मध्ये आणि फ्रान्समध्ये काग्नियार यांनी 1953 मध्ये मांडली, तेव्हापासून पाया तोच आहे.

हिशेबाला दोनच सूत्रं पाठ हवीत. विद्युत क्षेत्र मिलिव्होल्ट प्रति किलोमीटरमध्ये आणि चुंबकीय क्षेत्र नॅनोटेस्लामध्ये घेतलं, तर अपॅरंट, म्हणजे वरून भासणारी, रेझिस्टिव्हिटी म्हणजे 0.2 गुणिले पिरियड (एका लहरीला लागणारे सेकंद) गुणिले इम्पीडन्सचा वर्ग. 1 सेकंदाला इम्पीडन्स 20 आला तर 80 ओहम-मीटर. दुसरं, लहर किती खोल जाते ते: रेझिस्टिव्हिटीला फ्रिक्वेन्सीनं भागा, त्या भागाकाराचं वर्गमूळ काढा आणि 503 नं गुणा, उत्तर मीटरमध्ये. 100 ओहम-मीटरच्या खडकात 100 हर्ट्झची लहर अर्धा किलोमीटर, 1 हर्ट्झची पाच किलोमीटर आणि 100 सेकंद पिरियडची पन्नास किलोमीटर. मुंग्या लागल्यासारखे ठिपके दिसतात तो कर्व्ह म्हणजे डावीकडून उजवीकडे खोल जात गेलेली विहीर, असं समजून वाचा. फक्त या विहिरीत फुटाची खूण नसते.

शेतात काय लिहून घ्यायचं

अर्थ लावायचं काम ऑफिसात सुरू होत नाही, ते इलेक्ट्रोडचा खड्डा खणताना सुरू होतं. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे सुमारे 80 ते 100 मीटरचे दोन डायपोल (विद्युत क्षेत्र मोजायच्या तारा), टोकांना लेड क्लोराइडचे इलेक्ट्रोड, खड्ड्यात बेंटोनाइट आणि मिठाचा चिखल. मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्डा भेगेवर आला की चिखल दोन तासांत सुकतो आणि रात्रभराचा डेटा वाया. थोडं सरकून ओल लागेपर्यंत खणा. चुंबकीय क्षेत्र मोजणारी कॉइल वितभर तरी पुरा, नाहीतर वाऱ्यानं हलते, आणि पृथ्वीच्या क्षेत्रात हललेली कॉइल स्वतःच सिग्नल तयार करते. झाडाखाली पुरू नका; मुळंसुद्धा हलतात.

वहीत एवढं हवंच: मोटरी कुठे, किती लांब, थ्री फेज कधी आली कधी गेली, डीपी कुठल्या बाजूला, आणि डुकरांसाठी लावलेलं झटका मशीन आहे का. हे झटका मशीन मला सगळ्यात जास्त छळतं. साधारण सेकंदाला एक ठोका, म्हणजे नेमका तिथे, जिथे आकाशातला सिग्नल सगळ्यात दुबळा असतो. 1 हर्ट्झच्या आसपासच्या त्या पट्ट्याला डेड बँड म्हणतात, कारण विजांचा सिग्नल तिथवर संपत येतो आणि सूर्याचा अजून सुरू व्हायचा असतो. शेतकऱ्याला विनंती केली तर एक रात्र मशीन बंद ठेवतो, पण पीक उभं असेल तर तशी विनंती करू नये असं माझं मत. डुकरं एका रात्रीत वाट लावतात.

विजेचा हा त्रास नवा नाही. मुंबईत ट्राम विजेवर चालणार हे ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजणी खराब होणार हे आधीच ओळखून ती अलिबागला हलवली. 1904 पासून अलिबागला नोंदी सुरू झाल्या, 1906 पर्यंत दोन्हीकडे जोडीनं मोजणी केली, मग कुलाब्याची थांबवली. ट्राम 1907 मध्ये धावली. तेव्हा जागा बदलता आली. आज आपण जिथे जाऊ तिथे तार आधीच पोचलेली असते, म्हणून जागेऐवजी वेळ निवडावी लागते.

आणि दुसरं स्टेशन. 50-60 किलोमीटरवर, शक्यतो माळावर किंवा रानात, त्याच वेळी चुंबकीय मोजणी करणारा एक संच ठेवा. आकाशातला सिग्नल दोन्हीकडे सारखा असतो, फडावरच्या मोटरीचा तिथे पोचत नाही. जे दोन्हीकडे सामाईक तेवढंच ठेवायचं, ही रिमोट रेफरन्सची युक्ती 1979 मध्ये गॅम्बल, गुबाऊ आणि क्लार्क यांनी दाखवली. ती नसेल तर कॉइलमधला गोंगाट इम्पीडन्सला गुपचूप खाली ओढतो आणि जमीन आहे त्यापेक्षा वाहक दिसते. एररबार मात्र छान बारीक येतात, त्यामुळे शंकाही येत नाही.

कर्व्ह समोर आल्यावर

स्क्रीनवर दोन आलेख असतात. वर रेझिस्टिव्हिटी, खाली फेज. नजर आपोआप वर जाते, कारण तिथे ओहम-मीटर आहेत आणि ओहम-मीटर म्हणजे खडक. मी विद्यार्थ्यांना वरचा आलेख पुठ्ठ्यानं झाकायला लावते. आधी खालचा.

जमीन सगळीकडे एकसारखी असेल तर फेज 45 अंश. खाली जाताना जमीन वाहक होत असेल तर फेज 45 च्या वर जाते, रोधक होत असेल तर 45 च्या खाली. ट्रॅपच्या, म्हणजे लाव्हापासून झालेल्या बेसाल्टच्या, मुलखात ठरलेली चाल अशी: डावीकडे, काळी माती आणि मुरुमाच्या खाली बेसाल्ट सुरू होतो म्हणून फेज 45 खाली, मग बेसाल्टच्या तळाशी गाळाचा थर असेल तर फेज फुगते, त्याखाली ग्रॅनाइट आला की पुन्हा खोल दबते, आणि पार उजवीकडे, कवचाच्या तळाकडे जाताना हळूहळू वर. फेज बदलायला रेझिस्टिव्हिटीच्या आधी सुरुवात करते. म्हणजे नवा थर येतोय ही वर्दी खालचा आलेख आधी देतो.

दोघांचं एकमेकांशी नातं आहे, आणि ते तपासायला कागद-पेन्सिल पुरते. दोन्ही अक्ष लॉगचे असताना रेझिस्टिव्हिटीचा कर्व्ह आडवा असेल तिथे फेज 45 च्या आसपास हवी. कर्व्ह 45 अंशांच्या तिरक्या रेघेनं चढत असेल तिथे फेज शून्याकडे, तसाच उतरत असेल तिथे 90 कडे. मधलं सगळं त्या प्रमाणात. वरच्या कर्व्हवरून मनात फेज काढा, मग खालच्याशी ताडून बघा. जुळत नसेल तर डेटाच चुकलाय. पुढे जाऊच नका.

आता माझ्या फसगतीकडे येते. मोटरीसारखा गोंगाट करणारा स्रोत जवळ असतो तेव्हा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राचं गुणोत्तर फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतच नाही. सूत्रात मात्र पिरियडनं गुणलेलं असतं. म्हणून रेझिस्टिव्हिटी पिरियडच्या पटीत वाढते: आलेखात बरोबर 45 अंशांचा चढ, आणि फेज शून्याला चिकटलेली. गंमत अशी की वर सांगितलेली जुळवाजुळव इथे पास होते, कारण 45 अंशांच्या चढाला शून्य फेज हे गणित बरोबरच आहे! कर्व्ह स्वतःशी प्रामाणिक, जमिनीशी नाही.

मग ओळखायचं कसं? थरांच्या जमिनीत कर्व्ह 45 अंशांपेक्षा तीव्र चढूच शकत नाही, आणि 45 अंशांवर दीर्घकाळ टिकायला खाली जवळजवळ पूर्ण विद्युतरोधक हवा. म्हणून फेज 5-10 अंशांच्या खाली जाऊन बराच काळ बसली की थांबा. ती पुढे एकदम उडी मारून 50-60 वर येते का बघा. माझ्या कर्व्हमध्ये नेमकं तसंच होतं: दहा सेकंदांपुढे सूर्याचा सिग्नल जोर धरू लागला, मोटरींचा दबला, कर्व्ह धाडकन खऱ्या पातळीवर खाली आला. त्या घसरणीला मी "वाहक थर" म्हटलं होतं. शेवटचा पुरावा वेळेचा. लाईट असतानाचे तास आणि नसतानाचे तास वेगवेगळे प्रोसेस करा. ग्रॅनाइट भारनियमन पाळत नाही.

एक बारीकसारीक पण रोजची चूक: एका दिशेचं विद्युत क्षेत्र आणि त्याला काटकोनातलं चुंबकीय क्षेत्र अशा दोन जोड्या असतात; एका जोडीची फेज पहिल्या चरणात आणि दुसऱ्या जोडीची तिसऱ्यात, म्हणजे उणे 135 च्या आसपास, असायला हवी. दोन्ही पहिल्यात किंवा दोन्ही तिसऱ्यात आल्या तर भूगर्भशास्त्र शोधू नका. कोणीतरी एका डायपोलच्या दोन वायरी उलट्या लावल्यात.

स्टॅटिक शिफ्ट, म्हणजे वरच्या मातीचा खोडसाळपणा

फेज आधी बघायचं दुसरं कारण हे. आमचे वडील विहीर खणताना थर मोजायचे: माती, मुरूम, मांजऱ्या, मग काळा. पण शेजारच्या दोन विहिरींत मुरूम कुठे दोन परस तर कुठे सहा परस. आपला डायपोल अशा जागी पडला की वाहक-रोधकाच्या सीमेवर विद्युत भार साचतो आणि विद्युत क्षेत्र एका ठरावीक पटीनं वाढतं किंवा घटतं. सगळ्या पिरियडला तीच पट. चुंबकीय क्षेत्राला जवळपास काही होत नाही, फेजलाही नाही. रेझिस्टिव्हिटीचा कर्व्ह तेवढा अख्खाच्या अख्खा वर किंवा खाली सरकतो, आकार तसाच ठेवून.

नुकसान किती ते बघा. कर्व्ह खऱ्यापेक्षा चार पट खाली सरकला तर रेझिस्टिव्हिटी चार पट कमी येतेच, शिवाय खोली चाराच्या वर्गमुळानं चुकते. 400 मीटरचा बेसाल्ट 200 मीटर दिसतो. दोन दिशांच्या फेज एकावर एक पडतायत आणि रेझिस्टिव्हिटी मात्र सुरुवातीपासून समांतर, वेगवेगळ्या उंचीवर, असं दिसलं की शिफ्ट आहेच. दोन्हींची सरासरी काढून मोकळे होणारे लोक आहेत. ते करू नका, कारण दोन्हीही सरकलेले असू शकतात. त्याच जागी टीईएमचं, म्हणजे लूपमधला करंट झटकन तोडून जमिनीचा प्रतिसाद मोजणारं, साउंडिंग घ्या. त्यात जमिनीत रोवलेले इलेक्ट्रोड नसतात, नुसती वायरीची लूप असते, म्हणून हा त्रास नगण्य. एमटीचा डावीकडचा भाग त्या पातळीवर आणून बसवा. टीईएम नसेल तर जवळच्या बोअरची नोंद, तीही नसेल तर इन्व्हर्जनमध्ये, म्हणजे कर्व्हवरून जमिनीचं मॉडेल शोधायच्या हिशेबात, शिफ्ट मोकळी सोडा आणि रिपोर्टात खोली सांगताना आवाज जरा खाली ठेवा.

दिशा आणि मिती

हा भाग पटकन सांगते, कारण इथे आता सॉफ्टवेअर बरंच काम करतं. 2004 मध्ये काल्डवेल, बिबी आणि ब्राउन यांनी फेज टेन्सर आणला. पुन्हा फेजच! वरच्या मातीच्या खोडसाळपणाचा याच्यावर परिणाम होत नाही. प्रत्येक पिरियडला एक लंबवर्तुळ मिळतं. ते वर्तुळासारखं गोल असेल तर थर आडवे, एक मिती. लांबट असून बीटा हा स्क्यू कोन तीन अंशांच्या आत असेल तर दोन मिती धरून चालता येतं. त्याहून जास्त असेल तर तीन मिती, मग पर्याय नाही. लांब अक्ष भूरचनेच्या दिशेला समांतर असतो किंवा काटकोनात; यातलं कुठलं ते टेन्सर सांगत नाही. त्यासाठी टिपरचे बाण घ्या; ते उभ्या आणि आडव्या चुंबकीय क्षेत्रांच्या गुणोत्तरातून निघतात. पार्किन्सनच्या पद्धतीत बाण वाहकाकडे रोखतो, वीझेच्या पद्धतीत वाहकापासून दूर. कुठली पद्धत वापरलीय ते आकृतीवर लिहा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

कोयनेकडे किंवा कोकणात काम करत असाल तर लांब पिरियडचे बाण पश्चिमेकडे वळतील. कोयना धरणापासून समुद्र सरळ रेषेत 50-60 किलोमीटर. समुद्राचं पाणी साधारण 0.3 ओहम-मीटर, म्हणजे बाणांच्या दृष्टीनं शेजारी ठेवलेला तांब्याचा पत्राच. अरबी समुद्र मॉडेलमध्ये घातला नाही तर इन्व्हर्जन तो सह्याद्रीखाली कुठेतरी शोधून काढतं.

इन्व्हर्जन

आधी एका मितीचं चालवा, जमीन तशी नसली तरी. पाच मिनिटांत कळतं की डेटा साधारण काय म्हणतोय. मग दोन किंवा तीन मिती. बहुतेक कोड कमीत कमी खडबडीत मॉडेल शोधतात, 1987 च्या ऑकम पद्धतीपासून ही रीत आहे. म्हणून मॉडेलमधल्या सीमा धूसर येणारच. बेसाल्ट-ग्रॅनाइटची खरी सीमा कोयनेच्या बोअरमध्ये सुमारे 930 मीटरला चाकूनं कापल्यासारखी आहे, मॉडेलमध्ये ती शे-दोनशे मीटर पसरते. रंग बदलतो तिथे रेघ मारून "933 मीटर" लिहिणारा माणूस तुम्ही होऊ नका.

इम्पीडन्सवर 5 टक्क्यांचा किमान एरर ठेवा. आरएमएस, म्हणजे मॉडेल आणि डेटा यांतली तफावत एररच्या किती पट ते, 1 च्या जवळ आला की खूश व्हायच्या आधी प्रत्येक स्टेशनचा वेगळा बघा. सरासरी 1.3 असते आणि त्यात एक स्टेशन 4 चं लपलेलं असतं, बहुतेक वेळा नेमकं तुमच्या आवडत्या वाहकावरचं. सुरुवातीचं मॉडेल 100 ओहम-मीटरचं घेतलं असेल तर 30 आणि 500 घेऊनही चालवा. तिन्हींत जे टिकतं तेवढंच तुमचं. आणि वाहक सापडला की तो हातानं खोडून, तिथे आजूबाजूचा आकडा भरून, कर्व्ह पुन्हा काढा. कर्व्ह बदलला नाही तर तो वाहक डेटातून आलेला नाही, कोडनं भरलेला आहे.

थर दिसतो म्हणजे काय दिसतं

इथे जरा थांबायला हवं. वाहक थराची जाडी आणि रेझिस्टिव्हिटी एमटीला वेगवेगळी कळत नाहीत. कळतो त्यांचा भागाकार, कंडक्टन्स, सीमेन्समध्ये. एक किलोमीटर जाडीचा 20 ओहम-मीटरचा गाळ म्हणजे 50 सीमेन्स. अर्धा किलोमीटर जाडीचा 10 ओहम-मीटरचा गाळही 50 सीमेन्सच. वरून दोन्हींचे कर्व्ह जवळपास एकच.

सौराष्ट्रात ट्रॅपखाली मेसोझोइक काळाचा गाळ शोधताना हाच प्रश्न आहे. तिथे बेसाल्ट सेस्मिकची, म्हणजे जमिनीला धक्का देऊन सोडलेली, लहर विस्कटतो, म्हणून एमटीची मदत घेतात, आणि गाळ जाड असल्यानं तो दिसतोही. किल्लारीला मात्र उलट. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाच्या वेळी मी शाळेत होते, आमच्या औश्याकडच्या घराचा माळवद पहाटे कसा धुळीनं भरला ते आठवतं. नंतर तिथे बोअर घेतलं: 338 मीटर बेसाल्ट, खाली जेमतेम 8 मीटर गाळ, मग ग्रॅनाइट. हिशेब करा. बेसाल्ट 100 ओहम-मीटरचा धरला तर त्याचे 3.4 सीमेन्स. 8 मीटर गाळ 20 चा धरला तर 0.4. एवढासा गाळ वरच्या बेसाल्टच्या सावलीत हरवतो. "एमटीत गाळ दिसला नाही" आणि "गाळ नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, रिपोर्टात पहिलंच लिहा.

आणि रंगावरून खडकाचं नाव ठेवू नका. 10 ओहम-मीटर म्हणजे चिकणमाती असेल, खारं पाणी भरलेली भेग असेल, मोठ्या खोलीवर ग्रॅफाइटचा पापुद्राही असेल. गुरुत्वमोजणी, बोअर, भूकंपांच्या खोल्या, यातलं काहीतरी शेजारी ठेवल्याशिवाय "द्रव" हा शब्द मी आता लिहीत नाही.

शेवटी एक गोष्ट, ती तुम्हालाही प्रत्येक शिवारात विचारली जाणार. संच आवरताना शेतकरी येतो आणि म्हणतो, "ताई, मग पाणी किती फुटांवर?" खरं उत्तर द्या. 200 फूट म्हणजे 60 मीटर. 100 ओहम-मीटरच्या खडकात तेवढ्याच खोलीसाठी सुमारे 7,000 हर्ट्झ लागतात, आणि आपला संच बहुधा त्याच्या कितीतरी खालून मोजायला सुरुवात करतो. बोअरच्या जागेसाठी चार सळया ठोकून करतात ती साधी रेझिस्टिव्हिटी मोजणी घ्यावी. हे ऐकल्यावर एका काकांनी मला विचारलं होतं, "मग आमच्या रानात चार खड्डे कशाला पाडले?" खड्डे बुजवून, वर माती दाबून, मगच निघा. बेंटोनाइटचा चिखल तसाच राहिला तर तेवढ्या जागेवर पुढच्या हंगामात नीट उगवत नाही, आणि मिठाचा तर नाहीच.